येथे राजे बसतात (मापाप्रमाणे)

तीर्थरूप मामा यांना,

बटणवाल्या भाचीचा वाकून नमस्कार. (वाकले तेव्हा कंबरेत उसण भरली आणि ती अजून गेलेली नाही, तेव्हा हा नमस्कार नेहमीपेक्षा वजनदार समजावा.) इकडे सर्व ठीक, तिकडचं कळवावं, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, इकडे ठीक काहीच नाही, हे पुढे येईलच. मामींच्या गुडघ्याचं काय? तुमच्या पत्रात डावा दुखत होता, ताई फोनवर उजवा म्हणाली. दुखणं एका गुडघ्यातून दुसऱ्यात गेलं असेल तर ती सुधारणा धरायची की नुसता प्रवास, हे डॉक्टरांना विचारून कळवा. ताईच्या नव्या घरात तुमचं मन रमलं असेल. सगळी दारं आपोआप लागतात, चौकटी लोखंडी, कुठे करकर नाही, कुठे घासणं नाही, असं तुम्ही लिहिलंत. जन्मभर सुतारकी केलेल्या बापाला लेकीने नेमकं असं घर शोधून द्यावं, याला फार मोठं मन लागतं. ते ताईकडे पहिल्यापासून आहे.

मागच्या पत्रात तुम्ही म्हणालात की मला काम असलं तरच तुमची आठवण येते. मामा, हा शब्द मनाला फार लागला. दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. (तिसऱ्या दिवशी उतरला, आणि मागच्या दोन दिवसांची भरपाईही झाली.) म्हणून मुद्दाम लिहिते की या पत्रात माझं काडीइतकंही काम नाही. निव्वळ मायेपोटी लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा, म्हणजे खात्री पटेल.

तर पहिली बातमी अशी की आपली इमारत पाडताहेत. आपली म्हणजे मालकाची, पण मालक तिथे एकतीस वर्षांत एकंदर पाच वेळा आले असतील, आणि मी पाच वेळासुद्धा गैरहजर राहिलेले नाही, म्हणून आपली म्हणते. दीड महिन्यापूर्वी दारावर नोटीस लागली. इमारत धोकादायक, आतल्या सर्वांनी साठ दिवसांत जागा सोडावी, पाडून गाड्या लावायला मोकळं मैदान करणार. नोटीस इतक्या सढळ हाताने खळ लावून चिकटवली आहे की इमारतीचा तेवढा भाग आता खरोखरच मजबूत झाला आहे. आतले सर्व म्हणजे कोण, तर समोर तुमचं कुलूपबंद सुतारकाम (किल्ली माझ्याकडे आहे, झाडते अधूनमधून), त्याला लागून माझं बटणांचं दुकान आणि जिन्याखाली घड्याळवाले. मालकांनी मोठ्या मनाने मला नव्या बाजाराच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गाळा देऊ केला. मामा, शर्टाचं एक बटण तुटलं म्हणून कुठला माणूस तीन जिने चढतो? तो हाताची घडी घालून दिवस काढतो. तिसऱ्या मजल्यावर माझं दुकान म्हणजे दुकान नव्हे, विश्रांतिगृह. हे दुकान गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिथे बसल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही हेही ठाऊक आहे. तेव्हा रडगाणं इथेच आवरते.

मी आणि घड्याळवाले नोटीस काढणाऱ्या कचेरीत गेलो. साहेब चांगले सभ्य होते. (उजव्या बाहीला बटण नव्हतं, तिथे टाचणी होती. माणूस ओळखायला मला एवढं पुरतं. घरात कोणाचं लक्ष नाही आणि स्वतःला लाज नाही.) त्यांनी आमचं सगळं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, इमारतीला काही इतिहास आहे का? मी म्हटलं, आहे ना, मी एकतीस वर्षं तिथे बसते, त्याआधी माझे मामा, त्याआधी त्यांचे वडील. साहेब म्हणाले, बाई, याला इतिहास म्हणत नाहीत, याला ताबा म्हणतात. इतिहास म्हणजे कोणीतरी मोठं येऊन गेलेलं पाहिजे. घड्याळवाल्यांनी सांगून पाहिलं की जिन्याची सातवी पायरी दगडी आहे आणि बाकीच्या लाकडी, तर साहेबांनी विचारलं, त्या पायरीवरून कोणी मोठं पडलं आहे का? आम्ही खूप आठवून पाहिलं. मालकांचे वडील पडले होते, पण ते मोठे नव्हते, नुसते जाड होते. तर असे आम्ही परत आलो. मोठं माणूस आणायचं कुठून? आपल्या गल्लीत मोठं माणूस वाट चुकूनसुद्धा येत नाही.

आणि त्यानंतरच्या रविवारी इतिहास आपल्या पायांनी चालत आला. गल्लीबोळ दर्शन मंडळ म्हणून एक मंडळ निघालं आहे. वीस-पंचवीस माणसं सकाळी एकसारख्या टोप्या घालून जुन्या वस्तीतून फिरतात आणि भिंतींना हात लावून हळहळतात. पुढे त्यांचे म्होरके. त्यांच्या गळ्यात दुर्बीण. आपली गल्ली अकरा फूट रुंद आहे हे तुम्ही स्वतः मोजलेलं आहे. अकरा फुटांत दुर्बिणीने काय बघायचं असतं ते देवाला माहीत, पण गळ्यात काही लोंबल्याशिवाय लोक ऐकत नाहीत हे मात्र खरं. मी त्यांना दुर्बीणवालेच म्हणते. त्यांना गल्लीतलं सगळं ठाऊक आहे, फक्त घडलेलं ठाऊक नाही. कोपऱ्यावरच्या गटाराच्या झाकणाला त्यांनी भुयार ठरवलं. समोरच्या इमारतीतल्या त्या बंद केलेल्या खिडकीपाशी थांबून त्यांनी टोपी काढली आणि सांगितलं की एका तरुणीने विरहाने ती कायमची मिटून घेतली. दोन बायकांनी डोळे पुसले. मी दुकानातून ऐकत होते. ती खिडकी तुम्ही मिटलीत मामा, चांगल्या सहा फळ्या मारून, कारण तिथल्या काकूंना इकडच्या काकूंचं तोंड सकाळी उठल्या उठल्या बघायचं नव्हतं. विरह कसला, सुटका होती ती!

मग मंडळी आपल्या इमारतीकडे वळली. माझ्या दुकानात डोकावून दुर्बीणवाल्यांनी सांगितलं की इथे पूर्वी सैन्यासाठी बटणांचा साठा ठेवत. (पूर्वी! मी तिथेच बसले होते, गल्ल्यामागे.) आणि मग ते तुमच्या दारापुढे उभे राहिले, मान वर केली आणि गप्प झाले. बोलक्या माणसाचं गप्प होणं फार भयंकर असतं. सगळ्या टोप्या एकदम वर झाल्या. तुमची पाटी आठवते ना? विचारणंच चूक, तुम्हीच हाताने कापलेली. लाकडी शिरोरेषेची लांब पट्टी आणि तिच्याखाली एकेक वीतभर अक्षर वेगळं कापून खिळ्यांनी ठोकलेलं, काना वेगळा, मात्रा वेगळी. येथे दरवाजे बसवतात. आणि खाली रंगाने बारीक, मापाप्रमाणे. तर त्या पाटीचं असं झालं आहे की तुम्ही गेल्यावर ती जरा खिळखिळी झाली. पावसापाण्याने म्हणा, वाऱ्याने म्हणा, दरवाज्यांतला 'द' गळाला. पुढे त्याच दरवाज्यांतला 'व' गळाला, काना मात्र जागच्या जागी राहिला. आणि बसवतात मधला 'व' तोही, वारा म्हटल्यावर काय, गेला. आता तुम्हीच डोळे मिटून वाचून बघा काय उरलं ते. दुर्बीणवाल्यांनी मोठ्याने वाचलं. येथे राजे बसतात.

मी तोंड उघडलं होतं मामा, खोटं कशाला सांगू. पण घड्याळवाल्यांनी माझ्या पायावर पाय दिला. (त्यांचा पाय हलका नाही. घड्याळाचं नाजूक काम करणाऱ्या माणसाचं सगळं वजन पायांत उतरत असावं.) त्यामुळे उघडलेल्या तोंडातून नुसतं आई गं निघालं, आणि मंडळींना वाटलं मीही भारावले.

तिथून पुढे जे झालं ते सांगायला कागद पुरणार नाही. आठवड्याच्या आत तीन संशोधक आले, दोन दाढीचे आणि एक बिनदाढीचा, तो नुसताच मान हलवायचा. अक्षरांमधल्या रिकाम्या जागांचं काय, असं त्या बिनदाढीच्याने एकदाच विचारलं. त्याला दुर्बीणवाल्यांनी समजावलं की पूर्वी लोकांना घाई नव्हती, ऐसपैस लिहीत. तो पुन्हा मान हलवायला लागला. मापाप्रमाणे या शब्दावर दोन दिवस वाद झाला. शेवटी असं ठरलं की राजे एक नव्हते, अनेक होते, आणि ते आपापल्या मापाप्रमाणे, म्हणजे मानमरातबाप्रमाणे, लहान-मोठे असे क्रमाने बसत. मी म्हटलं, लहान राजा आतल्या बाजूला उघडत असेल. कोणी हसलं नाही. दाढीवाल्याने वहीत लिहून घेतलं.

मग त्यांना आत जायचं होतं. किल्ली माझ्याकडे, नाही कसं म्हणू? तुमचं रंधा मारायचं टेबल म्हणजे सिंहासनाचा चौथरा ठरलं. त्याला जो लोखंडी शेगडा आहे, लाकूड आवळून धरायचा, तो राजमुद्रा उमटवायचं यंत्र. टेबलावरचे करवतीचे ओरखडे म्हणजे तलवारींचे वार, दरबारात मतभेद झाल्याची खूण. पण खरी कमाल भिंतीची. तुम्ही चाळीस वर्षं पेन्सिलीने भिंतीवर मापं लिहून ठेवलीत, घरात वही असून. (मामी तेव्हाच म्हणायच्या की भिंत कधीतरी तोंडघशी पाडेल.) त्यातल्या '६-२, डावा' यावरून सहा फूट दोन इंचाचा एक डावखुरा राजा सिद्ध झाला आहे. '५-१०, जोड, एक फुगला' हे जुळे राजपुत्र, त्यांतला एक पुढे खाण्यापिण्यामुळे बिघडला. आणि 'बाई, मागचा, खालून घासतो' हे वाचून तर दाढीवाले संशोधक भिंतीपुढे अर्धा तास बसून राहिले. ही कोणी राणी, तिच्या मागे चालणारा सेवक, जमिनीला नाक घासणारा, असा त्यांचा कयास आहे. लेख छापून येतोय. ती राणी म्हणजे आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आणि घासणारा त्यांच्या मोरीचा दरवाजा, हे मला कळत होतं, पण आतापावेतो घड्याळवाल्यांनी नुसतं पायाकडे बघितलं तरी मी गप्प बसायला शिकले होते.

साहेबही आले. या वेळी बाहीला बटण होतं, म्हणजे प्रकरण वर गेलं असणार. त्यांनी पाटी पाहिली, भिंत पाहिली, मला म्हणाले, बाई, एवढा मोठा इतिहास असताना तुम्ही मला पायऱ्या काय सांगत होता? आणि पाडण्याचा हुकूम थांबवला. इमारत आता 'पाहणीखाली' आहे. ज्या मालकांना ती साठ दिवसांत भुईसपाट करायची होती, ते रोज येतात, दाराशी एक हात कमरेवर ठेवून उभे राहतात आणि म्हणतात, आमच्या घरात हे पहिल्यापासून माहीत होतं, बोलत नव्हतो इतकंच. परवा एका पाहुणीने त्यांना विचारलं, तुम्ही त्यांच्यापैकीच का? ते नुसते हसले. शर्टाची चार बटणं माझ्याकडून उधारीवर नेलेली, आणि हसणं बघा!

माझं म्हणाल तर दुकानात गर्दी इतकी आहे की मला बसायला जागा नाही. बटण मात्र एकही खपलं नाही. लोक येतात, सिंहासन कुठे म्हणून विचारतात, माझ्या काचेच्या बरण्यांचे फोटो काढतात, पाणी पितात आणि जातात. एका गृहस्थाच्या पोटावरचं बटण तुटायच्या बेतात होतं, मी दाखवलंसुद्धा, तर म्हणाले, आज आम्ही इतिहासासाठी आलोय. गेले, आणि कोपऱ्यावर ते तुटलं. मी दुर्बिणीशिवाय पाहिलं.

पण इमारत उभी आहे, मामा. सकाळी कुलूप काढते तेव्हा हात जोडावेसे वाटतात, कोणाला ते ठरत नाही, म्हणून पाटीला जोडते. असो. मामींना नमस्कार, ताईला आणि मुलांना आशीर्वाद. तुमची तब्येत जपा, सकाळी फिरायला जा, कपाटांचे स्क्रू आवळू नका, ताई वैतागते. मी म्हटल्याप्रमाणे माझं काही काम नव्हतं.

तुमची आज्ञाधारक (हसू नका)
भाची

ता. क. हां, एक राहिलंच. येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता दुर्बीणवाले आणि दोन दाढीवाले तुमच्याकडे येतील. वस्तीतला सर्वांत जुना माणूस कोण, असं त्यांनी विचारलं आणि घड्याळवाल्यांना पाय द्यायचं सुचायच्या आत मी तुमचा पत्ता सांगून बसले. ते तुम्हाला विचारतील, तिथे खरंच राजे बसत का? मामा, मी तुम्हाला खोटं बोलायला कधीच सांगणार नाही. सांगून उपयोग नाही, हे एक. ज्या माणसाने कौतुक करणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगितलं की दाराची डावी बिजागरी एक सूत वर आहे, आणि त्या बिचाऱ्याची उरलेल्या आयुष्याची झोप घालवली, त्याच्याकडून खोट्याची अपेक्षा कोण करणार? तेव्हा तुम्ही खरंच बोला. फक्त थोडंच बोला. म्हणा, 'बसवायचं काम वडिलांपासून आमच्याकडेच होतं.' बस, पूर्णविराम. यात एक अक्षर खोटं नाही. ते राजे बसवायचं काम समजतील, तो त्यांचा प्रश्न. (उद्यापासून तुमचं नाव राजे गादीवर बसवणाऱ्या घराण्यात लागेल, मालक जळून खाक होतील, हा वरचा फायदा.) काय बसवायचात, असं कोणी विचारलं तर खोकला येऊ द्या. मामींना त्या वेळी शेजारी पाठवा, त्यांना खोकला येत नाही, त्या बोलतात.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते पुन्हा उघडलं आहे. वरचा ता. क. वाचला असेल तर विसरा. आज सकाळी साहेब, मालक आणि दुर्बीणवाले असे तिघे हातात हात घालून आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. निर्णय झाला आहे. इमारत पाडणार नाहीत, कायमची जपणार. आणि जिथे राजे बसत, तिथे बटणं विकणं आणि घड्याळाच्या काट्यांवर फुंकर घालणं शोभत नाही, म्हणून खालचे सगळे गाळे पंधरा दिवसांत मोकळे करायचे. माझ्या दुकानात तिकिटं विकणार आहेत. पूर्वी धोका होता म्हणून उठवत होते, साठ दिवस देऊन. आता मान आहे म्हणून उठवताहेत, पंधरा दिवसांत. राजे बसतात, तेव्हा बाकीच्यांनी उठायचं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. घड्याळवाले बिचारे स्वतःच्याच पायावर पाय देऊन उभे होते.

मामा, आता कबूल करते, कारण रडून झालं आहे आणि दुसरं काही उरलं नाही. 'द' आपोआप पडला, शपथ. तीन वर्षांपूर्वी पडला, तो भंगारवाल्याने उचलला की बंबात गेला, मला माहीत नाही. पण दोन्ही 'व' मी काढले. कचेरीतून आले त्या दिवशी दुपारी गल्ली डुलक्या घेत असताना स्टुलावर चढले आणि पक्कडीने खिळे ओढले. कंबरेतली उसण तेव्हाची आहे, तुम्हाला नमस्कार करतानाची नव्हे. वाटलं, 'व' म्हणजे काय तर नुसतं 'आणि', दोन 'आणि' गेल्याने कोणाचं काय जाणार आहे? तर त्यापायी तुमचं आणि आजोबांचं सगळं काम गेलं. या वस्तीतली अर्धी दारं तुमच्या हातची आहेत, अजून न घासता लागतात, आणि त्या मंडळाची वीस माणसं रोज त्याच दारांना टेकून राजे शोधतात. मला खरंच लाज वाटते. उठायचंच असेल तर दरवाज्यांसाठी उठेन, राजांसाठी नाही. तेव्हा गुरुवारी खोकू नका. खरं ते सगळं सांगा, मोठ्याने सांगा, मामींनाही शेजारी बसवा.

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा. रात्र गेली, डोकं थाऱ्यावर आलं. सकाळी नऊ वाजता भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, मी दोन्ही 'व' पुन्हा ठोकले आणि ओरडून सांगितलं की हे दरवाज्यांचं दुकान आहे, राजे-बिजे कोणी नाही. सगळ्या टोप्या खाली झाल्या. मला वाटलं, जिंकले. मग दुर्बीणवाल्यांनी मान वर करून वाचलं. 'येथे रवाजे बसवतात.' एक मिनिट डोळे मिटले आणि उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. म्हणाले, बाई, तुम्ही केवढा ठेवा दडवून ठेवला होता! रवाजे म्हणजे रिवाज. राजे इथे नुसते बसत नव्हते, इथे बसून राज्याचे रीतिरिवाज बसवत होते. मापाप्रमाणे! दाढीवाले धावत आले. लेख पुन्हा लिहायला घेतला आहे. मी हातोडी घेऊन स्टुलावरच बसले.

तेवढ्यात कचेरीतली टंकलेखक बाई कोटाला बटण घ्यायला आली. (दीड महिन्यातलं पहिलं गिऱ्हाईक. चार भोकांचं, तपकिरी.) माझा चेहरा बघून तिने विचारलं, मी सांगितलं, आणि ती थंडपणे म्हणाली की एकाच जागेत एकच कसब साठ वर्षं चाललं असेल आणि कारागीर हयात असेल, तर ती इमारत आतल्या सगळ्या दुकानांसकट, आतल्या माणसांसकट राखायचा नियम आहे. मी म्हटलं, मग साहेब हे पहिल्याच दिवशी का बोलले नाहीत? ती म्हणाली, तुम्ही त्यांना इतिहास विचारलात. कसबाचं खातं वेगळं, ते वरच्या मजल्यावर. म्हणजे मी एकतीस वर्षांचं सांगायच्या ऐवजी आजोबांपासूनची तुमची त्रेसष्ट सांगून एक जिना चढले असते, तर हे सगळं घडलंच नसतं. गेली चार वर्षं दुकान बंद आहे ती तब्येतीच्या कारणात बसतात, तिने स्वतः पुस्तकात बघून सांगितलं. आज वरच्या मजल्यावर अर्ज देऊन आले. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तिथले साहेब येणार आहेत. अटी दोनच. कारागिराने त्यांच्यादेखत आपलं काम करून दाखवायचं, आणि दुकानाच्या पाटीवर त्या कामाचं नाव स्पष्ट पाहिजे.

तेव्हा मामा, गुरुवारी मंडळाची माणसं येतील त्यांना चहा द्या, काय हवं ते बोलू द्या, आणि परत निघतील तेव्हा त्यांच्याच गाडीत बसा. मोठी गाडी आहे, करवत आणि रंधा मागच्या सीटवर मावतील. फोन केला असता, पण फोन ताई उचलते, आणि ती म्हणेल, बाबांना आता दगदग नको. मामा, तुम्हाला दगदग हवी आहे की नको हे मला माहीत आहे, म्हणून पाकिटावर फक्त तुमचं नाव घातलं आहे. माझ्या दुकानाचा दरवाजा हल्ली खालून घासतो. खरंच घासतो, मी काही केलेलं नाही. तोच साहेबांपुढे बसवा. आणि येताना एक 'द' कापून आणा, वीतभर, बाकीच्यांना जुळेल असा. हात थरथरतो म्हणून तुम्ही करवत धरत नाही, असं मामी म्हणाल्या होत्या. थरथरलेला चालेल. नाहीतरी इथे नीट वाचतंय कोण!